वकिली पेढीची गुणवत्ता आणि मानकाची भाषा : ‘लेक्सेल’चे एक परीक्षण

एखाद्या व्यवसायाची गुणवत्ता ठरविण्याचे काम लेखी मानकाकडे सोपविले गेले, म्हणजे त्या मानकातील प्रत्येक क्रियापद हे निवाड्याचे साधन होऊन बसते. परीक्षक एका बाजूस मानकाचे वाक्य ठेवतो, दुसऱ्या बाजूस पेढीने पुढे केलेला कागद ठेवतो, आणि दोहोंचा मेळ बसतो की नाही हे पाहतो. हा मेळ बसविण्याची क्रिया मूलतः भाषिक आहे. म्हणून अशा मानकाचे भाषाशास्त्रीय परीक्षण करणे म्हणजे परक्या प्रांतात पाऊल टाकणे होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो टिकणारा नाही. ज्या वाक्यांवर पेढीचे उत्पन्न आणि अशिलाचा विश्वास अवलंबून असतो, त्या वाक्यांचा अर्थ काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा नाही, तर कोणी विचारावयाचा?

इंग्लंड व वेल्समधील सॉलिसिटरांच्या पेढ्यांसाठी तेथील लॉ सोसायटीने तयार केलेले ‘लेक्सेल’ हे मानक या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. २०१५ ची सहावी आवृत्ती आणि तिचे २०१८ मधील सुधारलेले रूप ही येथील विवेचनाची मुख्य सामग्री होय. मानक चांगले की वाईट एवढाच निर्णय देण्याचा येथे हेतू नाही. मानक जे तपासते आणि मानकाचे चिन्ह पाहून अशील जे समजतो, या दोहोंतील अंतर किती आहे आणि ते भाषेच्या कोणत्या सांध्यांत निर्माण होते, हे पाहावयाचे आहे.

१. मानकाची घडण

लॉ सोसायटी ही संस्था १८२५ साली स्थापन झाली आणि १८३१ मध्ये तिला राजसनद मिळाली. दीर्घकाळ या व्यवसायात गुणवत्तेचा पुरावा म्हणजे परीक्षा, उमेदवारी आणि प्रतिष्ठा असाच होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मात्र कारखान्यांतील व्यवस्थापनाची परिभाषा व्यवसायांच्या दारी येऊन पोहोचली. १९७९ चे बीएस ५७५० हे ब्रिटिश मानक आणि त्यातून १९८७ मध्ये आकारास आलेली आयएसओ ९००० ही आंतरराष्ट्रीय मानकमाला या परिभाषेचे मूळ होत. वस्तू निर्दोष आहे की नाही हे शेवटी तपासण्यापेक्षा ती निर्माण करण्याची रीत लेखी ठरवावी आणि ती रीत पाळली जाते की नाही हे तपासावे, हे या मालेचे मुख्य सूत्र.

१९९३ मध्ये लॉ सोसायटीने व्यवसाय-व्यवस्थापनाची मानके प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये सरकारी विधी-साहाय्य देणाऱ्या लीगल एड बोर्डाने ठरावीक निकष पुऱ्या करणाऱ्या पेढ्यांशी विशेष करार करण्याची योजना सुरू केली. १९९८ मध्ये लॉ सोसायटीच्या मानकांवर आधारलेली परीक्षा आणि चिन्ह देण्याची व्यवस्था ‘लेक्सेल’ या नावाने अस्तित्वात आली.

सहाव्या आवृत्तीत सात विभाग आहेत : रचना व धोरण, आर्थिक व्यवस्थापन, माहितीचे व्यवस्थापन, मनुष्यबळाचे व्यवस्थापन, जोखमीचे व्यवस्थापन, अशिलांची काळजी आणि प्रकरणांचे व्यवस्थापन. परीक्षेचे चक्र तीन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी पूर्ण परीक्षण होते, पुढील दोन वर्षी देखभालीच्या भेटी होतात, आणि मग पुन्हा पूर्ण परीक्षण. परीक्षण स्वतंत्र संस्थांचे परीक्षक करतात. ते पेढीचे दस्तऐवज वाचतात, भागीदारांपासून स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकांशी बोलतात आणि निवडक फाइली तपासतात. आढळलेल्या उणिवांची मोठ्या व किरकोळ अशी वर्गवारी होते. त्यांशिवाय सुधारणेस वाव असलेल्या बाबी आणि चांगल्या प्रथा यांचीही नोंद केली जाते.

वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचा विचार करताना अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना, प्रक्रिया आणि फलित अशी तीन अंगे सांगितली. हे त्रिविध वर्गीकरण लेक्सेलला लावून पाहिल्यास त्याचा भर रचनेवर आणि प्रक्रियेच्या काही भागांवर आहे, फलितावर जवळजवळ नाही, हे सहज ध्यानात येते. दिलेला सल्ला कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता काय, हा प्रश्न मानक विचारीत नाही. सल्ला देणाऱ्या माणसावर देखरेख आहे काय, सल्ला लेखी कळविला काय, मुदतीची तारीख नोंदली काय, हे प्रश्न ते विचारते.

२. ‘हॅव’ या क्रियापदाचा प्रश्न

मानकातील कलमांचा एक ठरावीक साचा आहे. कर्ता ‘पेढ्या’ हा, त्यानंतर बंधनदर्शक ‘मस्ट’, त्यापुढे ‘हॅव’ हे क्रियापद आणि कर्म म्हणून धोरण, कार्यपद्धती किंवा योजना. अशा कलमांची संख्या एवढी मोठी आहे, की मानकाचा सारा मजकूर म्हणजे पेढीजवळ काय काय असावे याची यादीच वाटावी.

येथे मराठीच्या अभ्यासकास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. मराठीत ‘हॅव’ला समान असे क्रियापद नाही. स्वामित्व सांगण्यासाठी मराठी ‘असणे’ या अस्तित्ववाचक क्रियापदाचाच उपयोग करते आणि स्वामित्वाचा प्रकार प्रत्ययाने वा शब्दयोगी अव्ययाने दाखविते. ‘त्याच्याकडे किल्ली आहे’ म्हणजे किल्ली तूर्त त्याच्या ताब्यात आहे. ‘ते शेत पाटलांचे आहे’ म्हणजे शेतावर त्यांचा हक्क आहे. ‘घराला दोन दारे आहेत’ म्हणजे दारे घराच्या घडणीतच आहेत, ती वेगळी काढता येत नाहीत. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीला एकच ‘हॅव’ चालू शकते.

आता मानकाचे वाक्य मराठीत आणू पाहावे. ‘पेढीकडे अशिलांच्या काळजीविषयी धोरण असले पाहिजे’, ‘पेढीचे असे धोरण असले पाहिजे’ आणि ‘पेढीला असे धोरण असले पाहिजे’ ही तीन वाक्ये तीन भिन्न वस्तुस्थितींची वाचक होत. पहिल्यात धोरण हा कपाटात वा संगणकात ठेवलेला दस्तऐवज आहे. दुसऱ्यात पेढीने धोरण आपले म्हणून स्वीकारले आहे. तिसऱ्यात धोरण पेढीच्या नित्याच्या वागण्यातच मुरलेले आहे. भाषांतर करणाऱ्याला तिहींपैकी एकाची निवड करावीच लागते. मूळ मानकाला ती करावी लागत नाही.

परीक्षकाच्या कामातील खरी अडचण या न केलेल्या निवडीत आहे. बाजारातून विकत घेतलेली, नाव बदलून छापलेली धोरण-पुस्तिका पहिल्या अर्थाने मानकाची पूर्तता करते. मानककर्त्यांना या धोक्याची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. धोरणासाठी जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी, त्याचा वर्षातून किमान एकदा आढावा घेतला जावा आणि ते पेढीभर प्रत्यक्ष अमलात असावे, अशी अपेक्षा मानकात आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींचा उपयोगही याच कामी होतो. मुख्य भागीदाराने दाखविलेली कार्यपद्धती टंकलेखिकेला ठाऊक आहे काय, एवढे विचारल्यानेही ‘कडे’ आणि ‘ला’ यांतील फरक पुष्कळदा उघड होतो. तथापि अमलाचा पुरावाही पुनः लेखीच मागितला जातो. आढावा झाल्याचा पुरावा म्हणजे आढाव्याचे टिपण, आणि प्रशिक्षण झाल्याचा पुरावा म्हणजे उपस्थितीची नोंद. अशा रीतीने ‘करणे’ सिद्ध करण्यासाठी पुनः एक ‘असणे’ पुढे केले जाते आणि साखळी वाढत जाते.

याच साच्याचे दुसरे अंग नामीकरणाचे आहे. ‘अशिलाला समजावून सांगणे’ ही क्रिया आहे. तिला कर्ता लागतो, ऐकणारा लागतो आणि ती फसूही शकते. ‘अशिलाला समजावून सांगितले जाईल याची निश्चिती करणारी कार्यपद्धती’ हे नाम आहे. त्यात समजावणाराही दिसत नाही आणि ऐकणाराही दिसत नाही. क्रियेचे नाम झाले की ते मोजता येते, कपाटात ठेवता येते आणि दाखविता येते. प्रशासनाची भाषा सर्वत्र नामप्रधान का होते, याचे एक कारण येथे सापडते.

३. ‘मस्ट’ आणि ‘शुड’

आयएसओच्या लेखननियमांत सहायक क्रियापदांचे अर्थ काटेकोरपणे ठरविलेले आहेत. ‘शॅल’ म्हणजे अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता. लेक्सेलमध्ये अटीसाठी ‘मस्ट’ आहे आणि शिफारशीसाठी ‘शुड’ आहे. माहितीच्या सुरक्षिततेविषयी पेढीचे धोरण असलेच पाहिजे, असे मानक सांगते. परंतु ‘सायबर इसेन्शियल्स’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेचे प्रमाणपत्र घेण्याविषयी बोलताना ते ‘शुड’वर थांबते. ही दोन क्रियापदे शेजारीशेजारी ठेवून वाचल्यास त्यांतील विसंगती लक्षात येते. कागदाविषयी बंधन आहे. संगणकांची किमान तांत्रिक तयारी बाहेरच्या माणसाने तपासावी याविषयी केवळ शिफारस आहे.

याचे समर्थन अर्थातच करता येईल. लहान पेढीवर दुसऱ्या प्रमाणपत्राच्या खर्चाची सक्ती करणे मानककर्त्यांना अप्रशस्त वाटले असेल. परंतु त्यामुळे एक तत्त्व स्पष्ट होते. बंधनाची तीव्रता विषयाच्या महत्त्वावरच ठरते असे नाही. बंधन पाळण्यास किती सोपे आहे, यावरही ती ठरते. मराठीत ‘घेतलेच पाहिजे’ आणि ‘घ्यावे’ यांतील अंतर नेहमी एवढे स्वच्छ नसते. ‘-आवे’ हे विध्यर्थी रूप आज्ञा, उपदेश आणि इच्छा या तिहींसाठी वापरले जाते, आणि त्यांतील कोणता अर्थ घ्यावयाचा हे बोलणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असते. म्हणूनच मराठी कायद्यांच्या पाठांत बंधन दाखविण्यासाठी ‘करील’, ‘असेल’ अशा भविष्यकाळी रूपांची योजना करण्याची पद्धत रूढ झाली. भविष्यकाळाला बंधनाचा अर्थ देणे प्रथमदर्शनी कृत्रिम वाटते. परंतु विध्यर्थाच्या संदिग्धतेपेक्षा ते सोयीचे ठरले.

४. तक्रारीची व्याख्या

मानकाच्या सहाव्या विभागात तक्रारनिवारणाची लेखी कार्यपद्धती पेढीने चालविली पाहिजे असे सांगितले आहे आणि त्या कार्यपद्धतीत ‘पेढी कशाला तक्रार समजते’ याची व्याख्या असावी अशी अट घातली आहे. संपूर्ण मानकात भाषेच्या दृष्टीने याहून लक्षणीय कलम क्वचितच सापडेल.

व्याख्या मागणे योग्यच आहे. व्याख्या नसेल तर एका सहकाऱ्याने नोंदलेली कुरबुर दुसरा सहकारी विसरून जातो आणि वर्षअखेरीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. प्रश्न हा, की व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हावयाची त्याच्याकडेच सोपविला आहे. ‘तक्रार म्हणजे अशिलाने लेखी कळविलेला असंतोष’ अशी व्याख्या एका पेढीने केली आणि ‘तक्रार म्हणजे कोणत्याही रीतीने व्यक्त झालेला असंतोष’ अशी दुसरीने केली, तर दोघींनीही व्याख्या केलेली आहे. दुसऱ्या पेढीच्या वहीत तक्रारींची संख्या अधिक दिसेल. म्हणजे जी अधिक प्रामाणिक, तीच कागदावर अधिक सदोष ठरण्याची शक्यता!

याच देशात या संज्ञेची बाहेरून केलेली व्याख्या उपलब्ध आहे. २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टनुसार निर्माण झालेली लीगल ओम्बड्समन ही यंत्रणा ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाली. तिच्या नियमांत तक्रार तोंडी असो वा लेखी, ती तक्रारच मानली आहे. आर्थिक नुकसान, मनस्ताप, गैरसोय किंवा अन्य हानी झाली वा होऊ शकेल असे म्हणणारा असंतोषाचा कोणताही उद्गार तीत येतो. ही व्याख्या अशिलाच्या बोलण्यापासून सुरू होते. वकिलाच्या कचेरीत आलेली वृद्ध स्त्री ‘तक्रार’ हा शब्द उच्चारीलच असे नाही. ‘दोन महिने झाले, कोणी काही कळविले नाही’ एवढेच ती म्हणेल. हे वाक्य रूपाने विधान आहे, कार्याने तक्रार आहे. रूप आणि कार्य यांतील हा भेद ओळखण्याची जबाबदारी कोणाची, हे ओम्बड्समनच्या व्याख्येने स्पष्ट केले आहे. मानकाने ते पेढीच्या मर्जीवर सोडले आहे.

५. फाइल आणि तिचा वाचक

प्रत्येक मजकुराला त्याचा अभिप्रेत वाचक असतो. वकिलाची फाइल पूर्वी तो स्वतः, त्याचा सहकारी आणि प्रसंगी न्यायालय यांच्यासाठी लिहिली जात असे. मानकाच्या प्रवेशानंतर तिला आणखी एक वाचक मिळाला, तो म्हणजे परीक्षक. पेढीने अंतर्गत फाइलतपासणी करावी, ती कोणत्या निकषांनी व किती वेळा करावयाची हे ठरवावे, आढळलेली चूक २८ दिवसांच्या आत दुरुस्त करावी आणि हे सर्व फाइलीत व मध्यवर्ती नोंदीत लिहून ठेवावे, असे मानक सांगते. फाइल बाहेरच्या परीक्षकास दाखविली जाऊ शकते हे पेढ्या अशिलाला आरंभीच कळवितात, आणि अशिलाला त्यास नकार देता येतो.

या नव्या वाचकामुळे लेखन बदलते. मायकेल पॉवर यांनी १९९७ मधील ‘द ऑडिट सोसायटी’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, तपासणीची व्यवस्था आली की तपासणारे केवळ असलेल्या गोष्टी पाहत नाहीत. तपासता येतील अशा गोष्टी निर्माण होऊ लागतात.

दोन काल्पनिक फाइलींची तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. एका कारखान्यात यंत्रात हात सापडून जखमी झालेल्या कामगाराचे प्रकरण घ्यावे. पहिल्या फाइलीत सर्व काही व्यवस्थित आहे : वकिलाचे नाव व दर्जा कळविणारे पत्र, खर्चाचा अंदाज, पर्यायांचे टिपण, मुदतीच्या तारखेची फाइलीत व मध्यवर्ती दैनंदिनीत नोंद. परंतु यंत्र पुरविणाऱ्या कंपनीवरही दावा लावता येईल, ही गोष्ट वकिलाच्या ध्यानातच आली नाही. दुसऱ्या फाइलीत पत्रे अपुरी आहेत, दैनंदिनीत नोंद नाही, पण हाताने खरडलेल्या अर्ध्या पानावर नेमका तोच मुद्दा लिहिलेला आहे. परीक्षक पहिली फाइल निर्दोष ठरवील आणि दुसरीत उणिवा नोंदील. मानकाच्या वाक्यांना धरून त्याचे हे करणे अगदी बरोबरही असेल.

एवढ्यावरून मानक निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. १९८० च्या मुदतीच्या कायद्यानुसार शारीरिक इजेच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची आणि करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे. शारीरिक इजेच्या बाबतीत न्यायालयाला मुदत बाजूस ठेवण्याचा विवेकाधिकार आहे खरा, परंतु त्या भरवशावर कोणताही शहाणा वकील राहणार नाही. दुसऱ्या फाइलीतील तल्लख वकील आजारी पडला आणि तीन वर्षे उलटून गेली, तर अर्ध्या पानावरील तो सूक्ष्म मुद्दा कामगाराच्या काय कामाचा? बुद्धिमत्ता एका माणसापाशी असते. दैनंदिनी पेढीपाशी असते. हितसंबंधांचा विरोध, दिलेल्या हमींची नोंद, मुदतीच्या तारखा, वकिलाच्या अनुपस्थितीत प्रकरण कोणी पाहावयाचे ही व्यवस्था, या बाबी विद्वत्तेने सुटत नाहीत. त्यांना कंटाळवाणी शिस्तच लागते, आणि ती शिस्त मानक निश्चितपणे लावते. अशिलाचे जे नुकसान अज्ञानापेक्षा विसराळूपणातून होते, त्याच्याविरुद्ध मानकाचा उपयोग खरा आहे.

६. समव्यावसायिकांचे परीक्षण

मानकाच्या मर्यादेबाहेर राहिलेला प्रश्न, म्हणजे सल्ल्याच्या योग्यायोग्यतेचा, दुसऱ्या एका प्रयत्नात हाताळला गेला आहे. १९९४ मध्ये ॲव्हरॉम शेर, रिचर्ड मूरहेड आणि ॲलन पॅटरसन यांनी विधी-साहाय्याच्या कामासाठी निकषांच्या याद्या तयार केल्या. कायद्याचे विशेष ज्ञान नसलेल्या परीक्षकालाही फाइल वाचून त्या लावता याव्यात, अशी त्यांची रचना होती. पुढे समव्यावसायिक परीक्षणाची पद्धत आली. तीत त्याच शाखेतील अनुभवी वकील मिटलेल्या फाइलींचा नमुना वाचतो आणि उत्कृष्टतेपासून अपयशापर्यंतच्या पाच श्रेणींपैकी एक देतो. मधली तिसरी श्रेणी किमान क्षमतेची आहे.

येथे वाचकाचा प्रकार बदलला आहे, हे मुख्य होय. याद्या वाचणारा परीक्षक फाइलीत काय लिहिले आहे हे पाहतो. समव्यावसायिक वाचक काय लिहावयास हवे होते, हेही पाहू शकतो. पहिल्या फाइलीतील यंत्र पुरविणाऱ्या कंपनीचा अभाव त्याच्याच डोळ्यांना दिसेल, कारण अनुक्त ओळखण्यासाठी उक्ताच्या पलीकडील ज्ञान लागते. परंतु हे परीक्षण खर्चाचे आहे, वाचकावाचकांत मतभेद होऊ शकतात, आणि शेवटी तेही फाइलीवरच विसंबून आहे. तोंडी दिलेला धीर, अशिलाच्या चेहऱ्यावरून ओळखलेली भीती ही फाइलीत नसतात. तेव्हा दोन्ही पद्धती परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत असे म्हणणे अधिक युक्त होईल.

७. चिन्हाचा अर्थ

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती निर्माण करतात, हा विचार भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहे. ‘ही पेढी मानकास उतरली आहे’ हा अशाच प्रकारचा उच्चार होय. तो होईपर्यंत पेढी अधिस्वीकृत नसते आणि होताच ती अधिस्वीकृत होते. अशा उच्चाराच्या यशासाठी उच्चारणाऱ्याचा अधिकार मान्य असावा लागतो. येथे तो अधिकार लॉ सोसायटीचा आहे. सर डेव्हिड क्लेमेंटी यांच्या २००४ च्या अहवालानंतर नियमनाचे काम वेगळे काढण्यात आले आणि २००७ पासून ते सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीकडे गेले. लॉ सोसायटी ही मुख्यतः सॉलिसिटरांची प्रातिनिधिक संस्था राहिली. म्हणजे व्यवसायाला प्रमाणपत्र देणारी संस्था ही त्याच व्यवसायाची प्रतिनिधी होय. परीक्षक स्वतंत्र असले, तरी पत्रकावर छापल्या जाणाऱ्या चिन्हामागील प्रतिष्ठा त्यांची नसते.

चिन्हाचा वाच्यार्थ मर्यादित आहे : ‘या पेढीचे व्यवस्थापन अमुक मानकाप्रमाणे चालते.’ अशील मात्र ‘हे वकील चांगले आहेत’ असा अर्थ घेतो. हा अर्थ त्याने मूर्खपणाने घेतलेला नाही. पत्रकावर चिन्ह छापण्यामागे त्याने तो घ्यावा हाच हेतू असतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने विधिसेवांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. व्यक्तींना आणि लहान उद्योगांना किंमत व गुणवत्ता यांची पुरेशी माहिती मिळत नाही, हा त्याचा एक मुख्य निष्कर्ष होता. माहिती अपुरी असते तेथे चिन्हावर अर्थाचे ओझे अधिक पडते.

पेढीच्या बाजूनेही हा प्रश्न क्षुल्लक नाही. विधी-साहाय्याच्या २०१८ च्या नागरी करारासाठी शासनाचे स्वतःचे गुणचिन्ह किंवा लेक्सेल यांपैकी एक असणे आवश्यक होते. २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून विधी-साहाय्याचे क्षेत्र पुष्कळच आकुंचित केले. कौटुंबिक व कल्याणकारी लाभांच्या प्रकरणांचा मोठा भाग त्यातून वगळला गेला. अशा स्थितीत गरिबांची कामे करणाऱ्या दोन भागीदारांच्या पेढीला परीक्षणाचा खर्च आणि धोरण-पुस्तिकांचे श्रम हे मोठ्या पेढीच्या तुलनेत कितीतरी जड पडतात. मोठी पेढी या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमू शकते. लहान पेढीत तेच काम वकील रात्री बसून करतो. मानकाचे वाक्य दोघींनाही एकच आहे. त्याचे वजन मात्र एक नाही.

मुंबईच्या वाचकाला हा विषय सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ पासून अस्तित्वात आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नींचा वेगळा कायदेशीर वर्ग संपुष्टात आल्यानंतरही तिची सॉलिसिटर परीक्षा चालू राहिली. तथापि भारतीय वकिलाच्या हाती असे चिन्ह जसेच्या तसे देता येणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील छत्तिसावा नियम वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू देत नाही. २००८ मध्ये ठरावीक माहितीपुरती संकेतस्थळाची मुभा मिळाली, एवढेच. चिन्हाचा अर्थ दाखविण्यात असतो, आणि येथे दाखविण्यावरच बंधन आहे. विद्यापीठांच्या बाबतीत मात्र हे व्याकरण आपल्याकडे पूर्वीच रुजले आहे. १९९४ मध्ये, म्हणजे इंग्लंडात विधी-साहाय्याच्या करारांची ती योजना सुरू झाली त्याच वर्षी, उच्च शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची स्थापना झाली. विभागाकडे अमुक समिती आहे, तमुक धोरण आहे, बैठकीचे इतिवृत्त आहे, ही वाक्ये महाविद्यालयीन अध्यापकांना नवीन नाहीत. वर्गात काय घडले, हा प्रश्न तेथेही ‘असणे’च्या रांगेत बराच मागे उभा असतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. लेक्सेल हे मानक पेढीच्या व्यवस्थापनाची किमान पातळी ठरविण्याचे काम समर्थपणे करते, आणि विसर, गोंधळ व दुर्लक्ष यांपासून अशिलाचे रक्षण करण्यात त्याचा वाटा नाकारता येणार नाही. त्याचे वैगुण्य त्याच्या वाक्यांत आहे, आणि म्हणूनच ते दुरुस्त करण्याजोगे आहे. जेथे क्रिया अभिप्रेत आहे तेथे कलमाने क्रियेचाच उच्चार करावा. पेढीजवळ समजावण्याची कार्यपद्धती आहे काय असे न विचारता, अशिलाला काय समजले हे पेढी कसे जाणून घेते, असे विचारावे. तक्रारीची व्याख्या पेढीवर न सोडता ओम्बड्समनच्या नियमांतून घ्यावी. आणि चिन्हाबरोबर एक साधे वाक्य छापावे : व्यवस्थापन तपासले आहे, सल्ल्याची अचूकता तपासलेली नाही.

हे तिसरे वाक्य कोणतीही पेढी आनंदाने छापणार नाही. परंतु जखमी कामगार जेव्हा पत्रकावरील चिन्ह पाहून जिना चढतो, तेव्हा त्याला त्या चिन्हाचा पूर्ण अर्थ कळावा, एवढा त्याचा हक्क आहे. वाक्य छापल्याने मानकाची प्रतिष्ठा थोडी कमी होईल. त्याचा खरेपणा मात्र वाढेल, आणि गुणवत्तेच्या मानकाला प्रथम लागू करावयाची कसोटी तीच असली पाहिजे.